मेंदूत इन्फेक्शन : शेजारचा पेशंट सहा दिवसांत घरी, आमचा एकोणिसावा दिवस. नेमकं ठरतं कशावर?

पाचोळा
नेहमी वाचनमात्र असतो, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. वॉर्डबाहेरच्या बाकड्यावर बसून मोबाईलवर टाइप करतोय त्यामुळे शुद्धलेखनाची अपेक्षा ठेवू नका.

माझा मोठा भाऊ, वय ४६, डायबेटीस आहे, गेले १९ दिवस अ‍ॅडमिट आहे. सुरुवात अगदी साधी, सर्दी, कपाळ जड, मग ताप. घरात आधीच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या होत्या त्या त्याने तीन दिवस घेतल्या, ताप थोडा उतरला पण डोकं काही थांबेना. चौथ्या रात्री वहिनीचा फोन आला की हा टीव्हीचा रिमोट कानाला लावून कुणाशी तरी बोलतोय. मी पोचेपर्यंत ग्लानीत गेला होता, गाडीत फिट आली. पाठीतलं पाणी काढलं, ते गढूळ निघालं, बॅक्टेरियल मेनिंजायटिस म्हणाले. सहा दिवस व्हेंटिलेटर, त्यात न्यूमोनिया झाला, मग सोडियम खाली गेलं. आता वॉर्डात आणलाय, डोळे उघडतो, नाव सांगतो, पण नाकात नळी आहे आणि सलाईन चालूच. बोलणं अजून अर्धवट, डाव्या बाजूने विचारलं की उत्तर देतो, उजव्या बाजूला उभं राहिलं की नुसता बघत राहतो, काका म्हणतात अजून डोक्यावर परिणाम आहे.

शेजारच्या बेडवर कॉलेजचा मुलगा आला होता, त्यालाही "मेंदूच्या आवरणाला सूज", तो सहाव्या दिवशी चालत घरी गेला. तेव्हापासून वहिनी रोज सकाळी विचारते आज सोडतील का, आणि नातेवाइकांचे फोन, हॉस्पिटल बदला, काहीतरी लपवतायत. डॉक्टर चांगले आहेत पण राउंड दोन मिनिटांचा. मला एवढंच समजून घ्यायचंय की हे दिवस ठरतात कशावर.

काठावरचा
रुमाल टाकून ठेवतो. दादांना लवकर बरं वाटो. शेजारच्या बेडशी तुलना करू नका, आम्ही तेच करून वेडे व्हायचे बाकी होतो.

डॉ_झोपाळू
पाचोळा, नाइट संपवून आलोय, डोळे मिटायच्या आत लिहून टाकतो. फाइल न बघता तुमच्या दादांबद्दल बोलणार नाही, पण प्रश्न बरोबर आहे.

"मेंदूत इन्फेक्शन" हा एक आजार नाहीच मुळी. आवरणाला झालं की मेनिंजायटिस, खुद्द मेंदूला सूज आली की एन्सेफलायटिस, पू साठून गाठ झाली की अ‍ॅब्सेस, आणि त्यात परत जंतू कोणता, व्हायरस, बॅक्टेरिया, टीबी की फंगस. शेजारचा मुलगा बहुतेक व्हायरल मेनिंजायटिसचा असणार. त्यात बऱ्याचदा वेगळं औषधच नसतं, पाण्याचा रिपोर्ट येईपर्यंत खबरदारी म्हणून अँटिबायोटिक देतात, बॅक्टेरिया नाही असं दिसलं की बंद करतात, आणि डोकेदुखी-उलट्या आवरल्या की घरी. सहा दिवस म्हणजे त्याला उलट जास्तच लागले.

बॅक्टेरियात मेनिंगोकॉकस असेल तर शिरेतून ५ ते ७ दिवस, न्यूमोकॉकसला १० ते १४, लिस्टेरिया निघाला तर किमान २१. हर्पीस व्हायरसचा एन्सेफलायटिस असेल तर असायक्लोव्हिर दर आठ तासांनी शिरेतून, १४ ते २१ दिवस, मग भले पेशंट सातव्या दिवशी उठून पेपर वाचायला लागू दे. पू असेल तर सहा ते आठ आठवडे. हा तळाचा आकडा, म्हणजे काहीही बिघडलं नाही तरी एवढं औषध जाणारच. बाकीचे सगळे दिवस ह्याच्यावर चढतात.

आता तुमच्या मनात येईल की गोळ्या देऊन घरी का नाही पाठवत. रक्तातून मेंदूत काय जाऊ द्यायचं ह्याला एक चाळण आहे, आणि बरीचशी अँटिबायोटिक्स तिच्यातून नीट उतरत नाहीत, म्हणून डोस मोठे आणि शिरेतून. त्यात गंमत अशी की सूज असते तेव्हा चाळण सैल पडते आणि औषध आत शिरतं, पेशंट सुधारायला लागला की ती परत घट्ट होते. म्हणजे बरं वाटायला लागलंय तेव्हाच औषध आत कमी जाणार. त्यामुळे "आता बराय ना, डोस कमी करा" हे इथे चालत नाही.

पाचोळा
डॉक खूप आभार. पण आमच्याकडे कल्चरमध्ये काही उगवलंच नाही. रिपोर्टवर "नो ग्रोथ" लिहिलंय, वहिनीला वाटलं इन्फेक्शन नव्हतंच, उगाच एवढी औषधं घातली. जंतू सापडलाच नाही तर दिवस कशावरून मोजतात?

डॉ_झोपाळू
घरातल्या त्या तीन दिवसांच्या गोळ्या. त्यांनी जंतू मेले नाहीत पण अर्धमेले झाले, आणि अर्धमेला जंतू कल्चरच्या प्लेटवर वाढत नाही. इन्फेक्शन होतं हे पाण्यातल्या पेशी, घसरलेली साखर आणि वाढलेलं प्रोटीन सांगतं, फक्त गुन्हेगाराचं नाव कळत नाही. पीसीआरमध्ये कधीकधी मेलेल्या जंतूचा डीएनए सापडतो, जमलं तर करतात. नाव कळलं असतं तर एक औषध ठेवून बाकीची काढता आली असती. नाव नाही म्हणजे शक्यता असलेल्या सगळ्यांना पुरेल असा कोर्स, साधारण किमान दोन आठवडे. तुमचे १४ दिवस इथेच गेले असं धरा.

पण ह्यातून कुणी उलटा अर्थ काढू नका बरं का. मेंदूज्वराचा संशय आला की हॉस्पिटलात पोचल्यापासून तासाभरात पहिला डोस गेला पाहिजे, कल्चर नासेल म्हणून किंवा सीटीचा नंबर लागायचाय म्हणून औषध अडवून ठेवणं हा गाढवपणा आहे. त्या उशिराची किंमत पुढे आठवड्यांत मोजावी लागते, कधी जिवाने.

आणि आत येताना पेशंट कसा होता हे मोठं. आम्ही शुद्धीचे मार्क देतो, पूर्ण जागा असेल तर १५, काहीच प्रतिसाद नसेल तर ३. चौदा-पंधरावर आलेला आणि आठवर आलेला, जंतू तोच, औषध तेच, पण दोघांचे दिवस कुठल्या कुठे. आठ म्हणजे श्वासनळीत नळी घालावी लागणार, आणि नळी गेली की पुढची माळका सुरू होते. त्यावर कुणी सिस्टर असतील तर लिहा, माझी शुद्ध आता १० वर आलीय.

तिरकस
सगळं शास्त्र ठीक आहे डॉक, पण बेड रिकामे ठेवायचे नसतात हा पण एक फॅक्टर लिहा की लिस्टमध्ये. आमच्या मेव्हण्याला "ऑब्झर्वेशन" म्हणून चार दिवस जास्त ठेवलं होतं, ऑब्झर्व कोण करत होतं तर आम्हीच. शुक्रवारी एमआरआय झाला, रिपोर्ट सोमवारी, मधले दोन दिवस कुणी फिरकलं नाही.

वॉर्डातली_माई
तिरकसदादा, शुक्रवारच्या एमआरआयचं तुमचं खरंय, मी नाही म्हणणार नाही. छत्तीस वर्षं नोकरी केली, त्यात अठरा न्यूरो आयसीयूत, आजाराशी संबंध नसलेले दिवस पण असतात. रिपोर्ट अडकतो, मोठे डॉक्टर सुट्टीवर, डिस्चार्ज समरीवर सही नाही, रिहॅबला जागा नाही, सोडलं तर घरी बघणारं कोणी नाही. हे सगळे दिवस कागदावर आजाराच्या नावावरच चढतात.

पण पाचोळा, तुमच्या दादांचे दिवस कुठे गेले ते मला दिसतंय. व्हेंटिलेटरवरचा न्यूमोनिया म्हणजे दुसरं इन्फेक्शन, जंतू वेगळा, बहुतेकदा हट्टी, त्याचं औषध वेगळं, आठवडाभर तरी ते जातंच. मेंदूचं आणि छातीचं असे दोन हिशेब एका माणसावर चालू असतात आणि नातेवाइकांना वाटतं एकच आजार लांबलाय. लघवीची नळी राहिली की तिथलं इन्फेक्शन, एका कुशीवर राहिला की माकडहाडाशी जखम, पाय हलले नाहीत की पोटरीत रक्ताची गुठळी. यातलं एक जरी झालं तरी आठवडा वाढला समजायचं. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायला आलेल्या पोरीला "झोपलाय, नंतर या" म्हणू नका हो, ती दोन तासांचं काम करत नसते, तुमचे दहा दिवस वाचवत असते.

सोडियमचं पण सांगते कारण त्यावरून फार भांडणं बघितली. नॉर्मल १३५ ते १४५. मेंदूच्या आजारात ते घसरतं, आणि घसरायची कारणं दोन, एकात शरीर पाणी धरून ठेवतं म्हणून पाणी कमी द्यायचं, दुसऱ्यात मीठच लघवीवाटे वाहून जातं म्हणून पाणी आणि मीठ दोन्ही भरायचं. म्हणजे उपाय एकदम उलटे, बाहेरून पेशंट सारखाच दिसतो. कारण चुकलं तर अजून खाली. आणि एका दिवसात झपकन वर आणलं तरी मेंदूच्या आतल्या भागाला इजा होते, म्हणून २४ तासांत ८-१० च्या वर चढवत नाहीत. ११६ आलं असेल तर हिशेब करा, सुरक्षित पातळीला यायलाच दोन-तीन दिवस, आणि मग तिथे टिकतंय का बघायला अजून.

सुलेखा_नाही
माई किती सोपं करून सांगितलंत! वाचनखूण साठवली.

वॉर्डातली_माई
अजून एक राहिलंच. डोक्यात पाणी साठलं की कवटीला छोटं भोक पाडून नळी घालतात, ईव्हीडी म्हणतात तिला. त्या नळीच्या मोजपट्टीचा शून्य कानाच्या भोकासमोर लावायचा, अक्षरशः गवंड्याकडे असते तसली बुडबुड्याची पट्टी धरून. एकदा एका पेशंटच्या मुलाने बाबांना खिडकीबाहेरचं दिसावं म्हणून बेडचं डोकं वर केलं, बटणच दाबलं फक्त. डोकं वर गेलं, शून्य खाली राहिला, नळी उघडीच, आणि जे पाणी तासाला चमचा-दोन चमचे यायचं ते धार लागल्यासारखं पिशवीत. मी पळत जाऊन नळी बंद केली म्हणून निभावलं. त्या मुलाचा चेहरा मला आजही आठवतो, बिचाऱ्याने प्रेमानेच केलं होतं. अशी नळी असलेला पेशंट वॉर्डात कुठेही टाकता येत नाही, त्याला नजरेखालचाच बेड लागतो. ती काढायची तरी आधी बंद करून दिवसभर बघायचं, डोकं दुखतंय का, सुस्ती येतेय का, मग सीटी, मग काढायची. नाहीच जमलं तर आतून कायमची नळी, म्हणजे शंट, पण पाण्यात इन्फेक्शन असेपर्यंत शंट घालत नाहीत, तोपर्यंत थांबा. आणि ती नळी जितके दिवस आत तितकं तिच्यातूनच नवं इन्फेक्शन जायची भीती. दोन्हीकडून कात्री.

कानामात्रा
आईचं अ‍ॅब्सेसचं झालं होतं, वर डॉक्टरांनी सहा ते आठ आठवडे लिहिलंय ते आम्ही पूर्ण भोगलंय, ५१ दिवस. मूळ काय, तर वर्षानुवर्षं वाहणारा कान. आम्ही त्याकडे कधी आजार म्हणून बघितलंच नाही, "आईचा कान वाहतो" हे घरातलं वाक्यच होतं जसं "आईला गोड आवडतं". कानामागच्या हाडातून जंतू वर चढला. गाठ अडीच सेंटीमीटरच्या वर होती म्हणून भोक पाडून पू काढला, आठ दिवसांनी परत भरला, परत काढला. आणि मग कानाचं ऑपरेशन, कारण झरा चालू ठेवून विहीर उपसून उपयोग नाही.

आम्हाला सगळ्यात जास्त छळलं एमआरआयने. आई बोलायला लागली, ताप गेला, आणि स्कॅनवर गाठीची कडा जशीच्या तशी चमकतेय. आम्ही हवालदिल. मग कळलं की स्कॅन मागून येतो, पेशंट बरा झाल्यावरही ती कडा कित्येक महिने दिसत राहते. गाठीचा आकार कमी होतोय ना, तेवढं बघायचं. हे पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर दोन रात्री झोप लागली असती.

आकडेमोड
पेशाने संख्याशास्त्रज्ञ आहे, हॉस्पिटलच्या डेटावर काम केलंय म्हणून एक खडा टाकतो, थोडा कडू आहे.

"सरासरी किती दिवस" हे गूगल करणाऱ्यांनी एक लक्षात घ्या की कमी दिवस राहिलेल्यांत दोन टोकाचे लोक असतात, एक पटकन बरे होऊन गेलेले आणि दुसरे पटकन गेलेले. सगळ्यात गंभीर पेशंट तिसऱ्या दिवशी दगावला तर त्याचे दिवस तीन. हे वेगळे काढले नाहीत तर गणितातून असा चमत्कारिक निष्कर्ष निघतो की गंभीर असणं म्हणजे लवकर सुटका. उलट व्हेंटिलेटर लागलेले, न्यूमोनिया झालेले ह्यांचे दिवस जास्त, पण न्यूमोनियामुळे दिवस वाढले की जास्त दिवस राहिल्यामुळे न्यूमोनिया झाला? दोन्ही. त्यामुळे "अमुक असेल तर इतके दिवस वाढतात" असं छातीठोक वाक्य दिसलं की मी आधी बघतो की मेलेल्यांचं काय केलंय आणि गुंतागुंत कितव्या दिवशी झाली हे धरलंय का.

आणि सरासरी बघूच नका, मधला पेशंट बघा. दहा जणांत नऊ जण दहाव्या दिवशी घरी गेले आणि एक ११० दिवस राहिला तर सरासरी वीस येते, जी त्या दहांपैकी एकालाही लागू नाही.

तिरकस
म्हणजे माझा मेव्हणा आकड्यांत "चार दिवस जास्त आजारी" म्हणून गेला. छान.

आकडेमोड
हो ना. तेच तर रडगाणं आहे.

नऊ_महिने_गोळ्या
टीबीचा मेनिंजायटिस वाल्यांकडून दोन ओळी. मी स्वतः पेशंट, आता चार वर्षं झाली. आमचं दुखणं असं की सुरू कधी झालं तेच सांगता येत नाही. बॅक्टेरियावाल्यांचा दोन दिवसांत भडका उडतो, आमचा तीन आठवडे नुसता कणकण ताप, चिडचिड, भूक नाही, सगळे म्हणाले कामाचा ताण. डबल दिसायला लागलं तेव्हा धावपळ. पाण्यात टीबीचे जंतू इतके थोडे असतात की जीनएक्सपर्ट नावाची टेस्ट दोन तासांत रिपोर्ट देते खरं, पण निगेटिव्ह आला म्हणून टीबी नाही असं म्हणता येत नाही, आणि कल्चर म्हणजे सहा आठवड्यांपर्यंत वाट. कुणी एवढं थांबत नाही, संशयावरच औषध चालू करतात.

मी ३४ दिवस होतो. त्यातले दहा दिवस आजाराचे नव्हतेच, औषधाने कावीळ झाली म्हणून सगळी औषधं बंद करून लिव्हरचे आकडे खाली येईपर्यंत थांबले आणि मग एकेक औषध परत सुरू करून दर वेळी रक्त तपासायचं. त्यानंतर अजून एक गंमत, औषध लागू पडतंय तरी डोक्यातल्या गाठी आधी मोठ्या होतात, शरीर जास्तच जोरात लढायला लागतं म्हणून. तेव्हा घरच्यांना वाटलं औषधच चुकीचं. स्टेरॉइड जास्त दिवस चालू ठेवलं आणि निवळलं. आणि डिस्चार्ज म्हणजे काही शेवट नाही हो, बहुतेकांना पुढे एकूण ९ ते १२ महिने गोळ्या. माझं नाव बघा आणि मी शेवटी किती महिने घेतल्या ते विचारा. बारा. नाव बदलायचं राहून गेलं.

खिडकीजवळची
नवऱ्याला हर्पीस एन्सेफलायटिस झाला होता. एकविसाव्या दिवशी स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर मला म्हणाला, मुलं कुठे शाळेत जातात गं आपली? दर दहा मिनिटांनी. त्या आजारात आठवणीचाच भाग सापडतो. हात-पाय, बोलणं, गिळणं सगळं ठणठणीत, त्यामुळे हॉस्पिटलच्या हिशेबात तो बरा झालेला, वेळेवर सुटलेला पेशंट. मला तेव्हा कुणी आठ दिवस अजून ठेवा म्हटलं असतं तर मी भांडले असते, आज वाटतं त्या आठ दिवसांत कुणीतरी मला शिकवायला हवं होतं की ह्या माणसाशी घरात वागायचं कसं.

आणि ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी एक ध्यानात ठेवा, दीड महिन्याने तो परत विचित्र वागायला लागला, मला वाटलं हर्पीस उलटला. पाण्यात व्हायरस नव्हता, शरीराने स्वतःच्याच मेंदूविरुद्ध अँटिबॉडी तयार केल्या होत्या, एनएमडीए म्हणतात तसल्या. हर्पीसनंतर काहींना होतं असं. परत अ‍ॅडमिट, परत पाच आठवडे. कागदावर ही वेगळी अ‍ॅडमिशन, माझ्या डोक्यात एकच.

डॉ_झोपाळू
खिडकीजवळची, हे लिहिलंत ते फार बरं केलंत, आमच्याकडे पण हे सांगायचं राहतं.

सगळं ऐकून असं वाटायला नको की दिवस फक्त वाढतातच, एक उलटं उदाहरण देतो. एचआयव्हीच्या पेशंटमध्ये क्रिप्टोकॉकस नावाच्या फंगसचा मेनिंजायटिस होतो. त्याला जुन्या पद्धतीत अ‍ॅम्फोटेरिसिनचं सलाईन रोज, आठवडा ते दोन आठवडे, किडनी आणि पोटॅशियम सांभाळत. आफ्रिकेतल्या पाच देशांत मोठी ट्रायल झाली, २०२२ मध्ये छापून आली, त्यात लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनचा एकच मोठा डोस पहिल्या दिवशी आणि सोबत दोन आठवडे गोळ्या, निकाल जुन्या पद्धतीपेक्षा वाईट नाही, साइड इफेक्ट कमी. त्याच वर्षी डब्ल्यूएचओने ती पद्धत स्वीकारली. तरी पेशंट लगेच घरी जात नाही, कारण त्यात डोक्यातलं प्रेशर फार वाढतं आणि ते उतरवायला परत परत पाठीतलं पाणी काढावं लागतं. म्हणजे सलाईन एका दिवसाचं झालं पण सुई सुटली नाही.

हातपाय_हलवा
फिजिओ आहे, गिळण्याचं थोडं सांगते कारण नाकातली नळी हाच बऱ्याच जणांचा शेवटचा अडथळा असतो. पेशंटला ताठ बसवायचं, चमचाभर पाणी द्यायचं, दोन बोटं गळ्याच्या घाटीवर ठेवायची, गिळताना घाटी वर उचलली जाते का ते बोटांना कळतं. मग "आ" म्हणायला सांगायचं. आवाज ओला, गुळण्या केल्यासारखा आला की समजायचं पाणी घशात रेंगाळलंय. ठसका लागला तर उलट बरं, लागतच नाही आणि पाणी गुपचूप छातीत जातं ते पेशंट धोक्याचे. म्हणून नातेवाइकांनी "तोंड कोरडं पडलंय" म्हणून लपून दोन घोट पाजू नका, मी हे आठवड्यातून एकदा पकडते. त्या दोन घोटांचा न्यूमोनिया होतो आणि मग इथे धागा येतो.

तिरकस
बरं बाबा, माझं बेडवालं विधान अर्धं मागे घेतो. अर्धंच. उरलेल्या अर्ध्यासाठी प्रश्न : नुसतं सलाईनच राहिलं असेल तर घरी जाऊन घेता येत नाही का?

डॉ_झोपाळू
येतं, काही ठिकाणी करतात. दंडातून आत लांबवर जाणारी लाइन टाकून देतात. अट अशी की निदान सहाएक दिवस आत झालेले असावेत, दिवस-दोन दिवस ताप नसावा, फिट नाही, शुद्ध पक्की, तोंडाने घेतोय, औषध द्यायला रोज माणूस आहे, आणि बिघडलं तर चटकन परत आणता येईल. अ‍ॅब्सेसवाल्यांना ह्याचा सगळ्यात जास्त फायदा होतो, शेवटचे तीन-चार आठवडे घरी जातात. डायबेटीस भडकलेला असेल, सुरुवातीला स्टेरॉइड दिल्याने बऱ्याचदा भडकतोच, तर आधी तो बसवावा लागतो.

पाचोळा, राउंडला "कधी सोडणार" विचारू नका, त्याचं उत्तर आम्ही कुणालाच नीट देत नाही. "आज आपण कशासाठी थांबलोय" असं विचारा. त्याला उत्तर द्यावंच लागतं, आणि कधीकधी उत्तर देताना आमच्याच लक्षात येतं की कशासाठीच नाही.

वॉर्डातली_माई
पाचोळा, एक विचारायचं राहिलं, तुमची पहिली पोस्ट परत वाचली. उजवीकडून बोललं की नुसते बघत राहतात म्हणालात. चेहऱ्यासमोर येऊन, ओठ दिसतील असं बोलल्यावर उत्तर देतात का? तसं असेल तर डोक्यावर परिणाम वगैरे नंतर, आधी कान तपासायला सांगा. ह्या आजारात ऐकू जाणं कमी होतं बऱ्याच जणांना, आणि पेशंट गोंधळलेला आहे म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. थांबू नका, आतल्या कानात हाड धरायला लागतं, मग पुढचे उपाय अवघड होतात. सोडायच्या आत टेस्ट करून घ्या.

पाचोळा
सगळ्यांचे प्रतिसाद वहिनीला वाचून दाखवले. आज २३ वा दिवस.

काल राउंडला विचारलं, आज आपण कशासाठी थांबलोय. डॉक्टर थांबले, फाइल परत उघडली. म्हणाले मेंदूचं औषध संपून आठवडा झाला, छातीचं परवा संपलं, सोडियम तीन दिवस १३४-१३५ वर आहे, आता फक्त गिळणं आणि शुगर. दुपारी फिजिओ मॅडम आल्या, चमचा, दोन बोटं, "आ" म्हणा, सगळं अगदी इथे लिहिलंय तसं. दादाचा "आ" कोरडा आला. नळी आज सकाळी काढली.

माई, तुमचं वाचून मी समोर उभं राहून बोललो, लगेच उत्तर. मग मोबाईल हातात धरून उजव्या कानाजवळ रिंगटोन वाजवली, काही नाही, डाव्या कानाला लावली तर दचकला आणि मला शिवी दिली. गेल्या २३ दिवसांतली पहिली. काका चार दिवस त्याच्या उजव्या बाजूला बसून मोठ्या आवाजात "मी कोण, ओळख" करत होते आणि तो बिचारा हे काय बडबडतायत म्हणून बघत होता. डॉक्टरांना सांगितलं, उद्या अकराला कानाची टेस्ट ठेवलीय. ती झाल्याशिवाय घरी नेणार नाही असं आता वहिनीच म्हणतेय.